गाळ कोणी उपसावयाचा?

तंजावरास बदली झालेला मराठी माणूस पहिल्या रविवारी बहुधा बृहदीश्वराच्या देवळात जातो. आम्हीही गेलो. देवळाच्या प्राकारात नैऋत्य बाजूच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकीर्दीत, १८०३ साली, तो दगडावर उतरला. लिपी देवनागरी, भाषा मराठी. घरापासून इतक्या दूर आपली अक्षरे पाहून ऊर भरून आला, हे कबूल करावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

त्याच दिवशी सायंकाळी शेजारच्या शिवगंगा तळ्याकाठी बसलो असता बरोबरच्या तमिळ सहकाऱ्यांनी आमचा अभिमान थोडा जमिनीवर आणला. ते ओरत्तनाडूकडचे, शेतकरी घरातले. त्यांनी सहज विचारले की, तुमच्या राजांची वंशावळ तर दगडावर राहिली. परंतु हे तळे कशाने भरत असे, आणि त्यातला गाळ कोण काढीत असे, हे आपणांस ठाऊक आहे काय? आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढे सुट्टीच्या दिवशी वाचून आणि गावोगाव हिंडून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

हा प्रश्न निव्वळ जुन्या काळचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. हवामान पालटत असल्याचे आता शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तीत सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते. त्यामुळे पाऊस येतो तेव्हा एकदम कोसळतो, आणि दोन पावसांमधला कोरडा काळ लांबतो. ह्यावर जागतिक परिषदा भरतात, ठराव होतात. परंतु कोसळलेले पाणी शेवटी कोणत्या तरी गावाच्या चरातच उतरावयाचे असते. तो चर मोकळा ठेवणे हे काम ग्रामपंचायतीचे, नगरपालिकेचे, सरकारी खात्याचे, की कोणाचेच नाही? तंजावरचा हजार वर्षांचा इतिहास ह्या एका प्रश्नाभोवती फिरत आला आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम ह्या भूमीचा स्वभाव सांगितला पाहिजे. तंजावरचा प्रदेश म्हणजे कावेरीचा त्रिभुज प्रदेश. तिरुचिरापल्लीजवळ नदीचे दोन फाटे होतात. उत्तरेचा कोळ्ळिडम आणि दक्षिणेचा कावेरी. कोळ्ळिडमचे पात्र खोल व सरळ, म्हणून पाणी त्या बाजूस ओढ घेते आणि थेट समुद्रास मिळते. ते अडवून कावेरीच्या शाखांत वळविण्यासाठी कल्लणै हा दगडी बंधारा झाला. परंपरा त्याचे श्रेय करिकाल चोळास देते. ह्या भूमीस दोन पाऊस पोसतात. एक नैऋत्य मोसमी. तो पडतो दूर कोडगूच्या डोंगरांत आणि येथे येतो तो केवळ नदीचे पाणी होऊन. त्यावर कुरुवै हे भाताचे पहिले पीक निघते. दुसरा ईशान्य मोसमी. तो ऑक्टोबर ते डिसेंबर ह्या महिन्यांत प्रत्यक्ष डोक्यावर पडतो, आणि सांबा व ताळडी ही पिके त्याच्या भरवशावर उभी असतात. जमीन अशी सपाट की पाणी आपणहून वाहून जाण्यास फारसा उतार नाही. म्हणून जूनमध्ये पाण्याची वाट पाहावयाची आणि नोव्हेंबरात त्याच पाण्यास वाट करून द्यावयाची, हा येथील शेतकऱ्याचा जन्माचा उद्योग. दोन्ही कामांस वाय्क्काल, म्हणजे पाट, मोकळा असावा लागतो.

ही जबाबदारी चोळकाळी गावाने कशी पेलली, ह्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा तंजावरात नसून कांचीपुरम जिल्ह्यातील उत्तरमेरूर येथे आहे. पहिल्या परांतक चोळाच्या काळचे, इसवी सन ९१९ आणि ९२१ चे, दोन शिलालेख तेथे आहेत. त्यांत ग्रामसभेच्या समित्या कशा नेमावयाच्या ते सविस्तर सांगितले आहे. वर्षाचा कारभार पाहणारी एक समिती, बागांची एक, आणि तळ्याची एक. तळ्याच्या समितीत सहा माणसे. नावे ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून घड्यात टाकावयाची आणि लहान मुलाकडून एकेक चिठ्ठी काढवून घ्यावयाची. मुदत ३६० दिवसांची. ज्याने पूर्वी समितीवर असताना हिशेब दिला नाही, तो स्वतः अपात्र आणि त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र! आमच्यासारख्या हिशेबाच्या टेबलावर आयुष्य घालविणाऱ्यास हे कलम वाचून हसूही आले आणि आदरही वाटला. तळ्याचा गाळ काढण्यास वेगळी समिती, तिला मुदत, आणि मुदतीनंतर हिशेब, एवढी व्यवस्था अकराशे वर्षांपूर्वी एका गावाने स्वतःसाठी केली होती.

ह्या चित्राची दुसरी बाजू लपविणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. ती सभा जमीनधारक ब्राह्मण पुरुषांची होती. चिखलात उतरून गाळ उपसणाऱ्यांची नावे त्या घड्यात कधी पडली नाहीत. तंजावरच्या शेतीत राबणाऱ्या भूमिहीन मजुरांची, ज्यांस येथे पण्णैयाळ म्हणत, स्थिती पुढे शतकानुशतके गुलामीहून फारशी निराळी नव्हती; त्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा व्हावयास १९५२ साल उजाडावे लागले.

आता आपल्या मराठ्यांकडे वळू. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले, त्या सुमारास देश लढायांनी उजाड झाला होता. १६७६ सालच्या एका जेझुइट पाद्र्याच्या पत्रात व्यंकोजींच्या पहिल्या दिवसांचे वर्णन आले आहे. त्यांनी कालवे आणि तळी दुरुस्त केली, वर्षानुवर्षे पडीक असलेली शेते पुन्हा पिकाखाली आली, आणि त्या वर्षीचे पीक पूर्वी कधी पाहिले नव्हते इतके आले, असा त्याचा आशय आहे. परक्या धर्माच्या माणसाने दिलेली ही पावती मोलाची आहे. परंतु अवघ्या सात वर्षांनी, १६८३ मध्ये, जॉन द ब्रिट्टो ह्या दुसऱ्या पाद्र्याने लिहिले की, हाच राजा पिकाचे पाच भागांतील चार भाग स्वतः घेतो. आपल्या माणसांविषयी लिहिताना पहिले पत्र वाचून दुसरे खिशात घालण्याचा मोह होतो. तो आम्ही टाळला आहे. कालवा दुरुस्त करणारे सरकार आणि पीक ओढून नेणारे सरकार एकच असू शकते, हा धडा दोन्ही पत्रे एकत्र वाचल्यावरच कळतो.

त्यानंतर पाऊणशे वर्षांनी कल्लणैच्या दुरुस्तीचा तंटा उभा राहिला. बंधाऱ्यावर तंजावरचे सारे जीवन अवलंबून. परंतु ती जागा तिरुचिरापल्लीच्या मुलखात, म्हणजे अर्काटच्या नबाबाच्या ताब्यात. दुरुस्तीचा हक्क तंजावरच्या राजांकडे पूर्वापार होता. नबाबाने तो नाकारला. पाणी ज्याच्या शेतात जावयाचे त्याने खर्च करण्याची तयारी दाखवावी आणि परवानगीसाठी दुसऱ्याच्या दारी बसावे, असा तो प्रसंग. अखेर १७६४-६५ च्या सुमारास मद्रासच्या इंग्रजांनी मध्ये पडून तुळजाराजांस दुरुस्ती करू देण्यास नबाबास भाग पाडले. तंटा मिटला, परंतु नदीच्या नाकावर कोणाचा हात असावा हे ठरविणारा तिसराच पक्ष आता आला होता. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि सरफोजीराजांकडे तंजावरचा किल्ला, तनखा आणि त्यांची विद्या राहिली.

इंग्रजांनी नदीचे काम मन लावून केले, हे म्हटले पाहिजे. १८०४ मध्ये कॅल्डवेल ह्यांनी पाहणी केली. १८३६ मध्ये आर्थर कॉटन ह्यांनी मुक्कोंबू येथे कोळ्ळिडमवर वरचा बंधारा बांधला आणि कावेरीचे आटत चाललेले पाणी सावरले. खोल वाळूत पाया कसा धरावयाचा हे आपण कल्लणैच्या जुन्या बांधणाऱ्यांपासून शिकलो, असे कॉटन ह्यांनी मोकळेपणाने नमूद केले आहे. परंतु मोठे बंधारे सरकारचे झाले तरी गावातले हजारो लहान पाट कोण साफ करणार? त्यासाठी जुनी रूढी होती कुडिमरामत. हा शब्द मराठी वाचकांस अर्धा ओळखीचा वाटेल. कुडि म्हणजे रयत, आणि मरामत तर आपल्या दप्तरातलीच. रयतेने आपल्या अंगमेहनतीने केलेली दुरुस्ती ती कुडिमरामत. १८५८ च्या पहिल्या कायद्याने ह्या रूढीस कायद्याचे रूप मिळाले. रूढीप्रमाणे जो मजुरीस येणार नाही त्याने त्या मजुरीच्या दुप्पट रक्कम भरावी, असे कलम झाले.

येथे आमच्या मते एक सूक्ष्म पण मोठा फरक पडला. पूर्वी गाव गाळ काढी, कारण तळे गावाचे होते आणि पाणी कोणाच्या शेतात केव्हा जावयाचे हेही गावच ठरवी. आता तळे आणि नदी सरकारची झाली. गावाकडे उरली ती फक्त कुदळ. हक्क वर गेला आणि कर्तव्य खाली राहिले. अशा व्यवस्थेत कर्तव्य फार दिवस टिकत नाही. दुप्पट दंडाचे कलम असूनही कुडिमरामत विसाव्या शतकात मोडत गेली, ह्यात नवल नाही.

१९३४ मध्ये मेट्टूरचे धरण पुरे झाले. ९३ टीएमसीहून अधिक पाणी साठविणाऱ्या ह्या धरणाने जूनची चिंता पुष्कळ हलकी केली. १२ जून रोजी दरवाजे उघडावयाचे, असा पायंडा पडला. त्या तारखेवर येथील बी पेरणे, कर्ज काढणे, लग्न ठरविणे, सारे बेतलेले असे. परंतु २०१२ ते २०१९ ही आठ वर्षे सलग दरवाजे त्या तारखेस उघडता आले नाहीत. २०२० मध्ये ते उघडले. २०२२ मध्ये पाणी इतके की २४ मे रोजीच उघडले. आणि २०२४ मध्ये २८ जुलैपर्यंत वाट पाहावी लागली. ह्यात वरच्या राज्याशी असलेल्या पाणीवाटपाच्या वादाचा भाग आहे आणि पावसाच्या लहरीचाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने निष्कर्ष एकच: पंचांगातली तारीख आता पाळली जाईलच असे नाही.

अशा वेळी गावाच्या पंचायतीच्या हाती काय आहे? महाराष्ट्रात आपण हिवरे बाजारचे उदाहरण देतो. तेथील ग्रामसभा दरवर्षी पडलेला पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून कोणते पीक घ्यावयाचे ते ठरविते. शेतीसाठी खोल बोअर घेण्यास मनाई आहे. धुळे-नाशिकाकडच्या पांझरा, मोसम नद्यांवरची फड पद्धत त्याहून जुनी. तेथे बंधारा, पाट आणि पाटकरी हे सारे लाभधारकांचेच. ही उदाहरणे येथे सांगितली की ऐकणारे मान डोलावतात आणि मग म्हणतात, आमचे पाणी आमच्या शिवारात पडत नाही हो, ते मेट्टूरहून येते. हे खरे आहे. त्रिभुज प्रदेशातील पंचायत नदीचा ताळेबंद मांडू शकत नाही. परंतु ऑक्टोबरातला पाऊस तर तिच्याच डोक्यावर पडतो! पाण्याचा निचरा करणारे चर, गावतळी, बांध, किनाऱ्याकडची झाडे, ह्यांचा हिशेब तिला मांडता येण्याजोगा आहे.

मांडता येण्याजोगा आहे खरा, पण अधिकार? राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत लघुपाटबंधारे आणि जलव्यवस्थापन हा विषय पंचायतींकडे देण्याजोगा म्हणून लिहिला आहे, आणि तमिळनाडूचा पंचायत कायदा १९९४ चा आहे. व्यवहारात चाळीस हेक्टरांहून कमी भिजविणारी तळी पंचायत युनियनकडे, त्याहून मोठी तळी आणि कालवे सरकारी खात्याकडे. एकाच शेताचे पाणी येते एका कचेरीच्या पाटाने आणि जाते दुसऱ्या कचेरीच्या चराने. मध्ये गाळ साचला की तो कोणत्या कचेरीचा, हे ठरेपर्यंत पाऊस येऊन गेलेला असतो.

ह्या सर्व गोष्टींची परीक्षा २०१८ साली एकाच वर्षात झाली. त्या ऑगस्टमध्ये कावेरीस पूर आला. २२ ऑगस्टच्या रात्री मुक्कोंबू येथील कॉटनसाहेबांच्या कोळ्ळिडम बंधाऱ्याचे नऊ दरवाजे वाहून गेले. पाणी कोळ्ळिडमने समुद्रास जात होते, आणि त्याच वेळी शेपटाकडच्या गावांतून पाटास पाणी पोहोचत नसल्याची ओरड होत होती. पाट गाळाने व झुडपांनी भरलेले. मग १६ नोव्हेंबरच्या पहाटे गाजा चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यास लागले. पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी, ओरत्तनाडू ह्या भागांतील नारळाच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या. भात एका हंगामाने पुन्हा उभे राहते. नारळाचे झाड फळास यावयास वर्षे लागतात. आमच्या सहकाऱ्यांच्या घरची बाग त्या पहाटेस गेली. त्यांनी ती गोष्ट आम्हांस एकदाच सांगितली, पुन्हा काढली नाही.

आणि ह्या वर्षी गावोगावच्या पंचायती कोठे होत्या? वाचकांस आश्चर्य वाटेल, त्या नव्हत्याच. मागील पंचायतींची मुदत २०१६ च्या ऑक्टोबरात संपली होती. निवडणुका कोर्टकचेरीत अडकल्या. आणि २०१९ च्या डिसेंबरात त्या होईपर्यंत प्रत्येक गावाचा कारभार विशेष अधिकारी पाहत होते. तंजावर शहरास तर निवडलेले सभासद मिळावयास २०२२ चा फेब्रुवारी उजाडला. ते विशेष अधिकारी वाईट होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ते आमच्यासारखेच सरकारी नोकर, एकेकाकडे अनेक गावे, वरून आलेल्या परिपत्रकांचा ढीग समोर. त्यांनी पंचनामे केले, याद्या केल्या, मदत वाटली. परंतु कोणत्या गल्लीत पाणी कोणत्या बाजूने शिरते, कोणाच्या बांधाने चर तुंबला आहे, आणि तो बांध मोडावयास कोणास भिडेने सांगता येईल, हे परिपत्रकात नसते.

मधल्या काळात २०१७ साली राज्य सरकारने कुडिमरामत नव्याने सुरू केली. खर्चाचा दहावा हिस्सा शेतकऱ्यांनी द्यावयाचा. पुष्कळ तळी साफ झाली. काही ठिकाणी रयतेच्या नावावर ठेकेदारच वावरला, अशीही तक्रार राहिली. ह्याउलट पेरावूरणीचे मोठे तळे २०१९ मध्ये, वादळानंतर, तेथील तरुणांनी व शेतकऱ्यांनी वर्गणी गोळा करून उपसले. बागा गेलेल्या माणसांनी वर्गणी दिली, हे ध्यानात घ्यावे. तेथे दुप्पट दंडाचे कलम लागले नाही.

शहरातही एक चांगली गोष्ट घडली. ज्या प्रश्नाने आम्ही आरंभ केला त्याचे उत्तर तीत आहे. शिवगंगा तळ्यास पाणी येई ते सेवप्पा नायकाच्या नावाच्या तळ्यातून. तेथे जमलेले पावसाचे पाणी शिवगंगेत, आणि शिवगंगेतून जमिनीखालच्या नळांनी शहरातील तळ्यांत व विहिरींत जाई. नायक व मराठे ह्यांच्या काळच्या ह्या योजनेस जलसूत्र म्हणत. घरे वाढली, नळ बुजले, तळी कोरडी पडून कचऱ्याने भरली. तंजावरची निवड २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत झाली, आणि महानगरपालिकेने तीतून अय्यनकुळम हे पश्चिमेकडच्या वस्तीतले तळे साफ करावयास घेतले. खोदताना जुना नळ सापडला. तो मोकळा केला, आणि पाणी पुन्हा त्याच वाटेने तळ्यात आले. नव्या हवामानास तोंड देण्याची जी साधने पैसे घालून शोधावयाची, त्यांतले एक शहराच्या पायाखालीच होते. फक्त गाळाने बुजलेले.

ह्यावरून पूर्वीचे सारे चांगले होते असा अर्थ कोणी काढू नये. उत्तरमेरूरच्या घड्यात ज्यांची नावे नव्हती, त्यांची नावे आज मतपत्रिकेवर असतात. तमिळनाडूत पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्याची तरतूद २०१६ मध्ये झाली. अनुसूचित जातींसाठीही राखीव जागा आहेत. गाळ उपसणारे हात आणि निर्णय घेणारी सभा प्रथमच एक होऊ शकतात, अशी ही व्यवस्था आहे. चोळांस जे साधले नाही, व्यंकोजीराजांस सुचले नाही, आणि कंपनीस नको होते, ते ह्या कायद्याने शक्य केले आहे. म्हणूनच ती सभा रिकामी ठेवणे हे आम्हांस वादळाइतकेच मोठे नुकसान वाटते. २०१९ मध्ये निवडलेल्या पंचायतींची मुदत ५ जानेवारी २०२५ रोजी संपली, आणि निवडणूक न होता कारभार पुन्हा विशेष अधिकाऱ्यांच्या हाती गेला. त्या दिवशी आम्हांस तो तळ्याकाठचा प्रश्न आठवला.

आपण, ह्या नियतकालिकाचे बहुतेक वाचक, बदलीची माणसे आहोत. तीन वर्षांनी किंवा पाच वर्षांनी आपले सामान बांधले जाते. ज्या गावाच्या फायलीवर आपण सही केली त्या गावात पुढचा पूर येतो तेव्हा आपण दुसऱ्याच प्रांतात असतो. आपले काम कमी मोलाचे आहे असे नव्हे. पैसा वेळेवर पोहोचविणे, हिशेब तपासणे, दोन कचेऱ्यांमधला गाळ काढणे, हे आपणच करावयाचे. परंतु गावाच्या जागी बसणे हे आपले काम नाही. जो राहणार आहे त्याला पाण्याचा हक्क, पैसा आणि हिशेबाची जबाबदारी, ही तिन्ही एकत्र दिली, तर तो गाळ उपसतो. एकच दिले तर अर्ज करतो.

मागच्या सप्टेंबरात आम्ही त्या सहकाऱ्यांच्या गावी गेलो होतो. पावसाळ्यास महिनाभर अवकाश होता. त्यांच्या शेताकडचा चर चार-पाच माणसे साफ करीत होती. त्यांत त्यांचे वडील भाऊही होते. चर कोणत्या खात्याचा, असे आम्ही सवयीने विचारले. ते म्हणाले, ते पावसास ठाऊक नसते. मग त्यांनी कुदळ आमच्या हाती दिली. आमच्याकडून फार माती निघाली नाही.